डोंगराचे लॉगबुक

भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीजकेंद्रात मोजमापाबद्दल कोणी वाद घालत नाही. बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी, वाफेचा दाब, टर्बाइनच्या बेअरिंगचे तापमान आणि कंपन, पाण्यातली सिलिका, चिमणीतून बाहेर पडणारी धूळ, सगळ्याची नोंद अखंड चालू असते. पाळी बदलली की लॉगबुक पुढच्या माणसाच्या हाती जाते आणि मागच्या आठ तासांत काय घडले हे वाचल्याशिवाय तो कामाला हात लावत नाही. पाच वर्षे बेअरिंग ठीक चालले, आता त्याचे तापमान मोजणे बंद करू, असे म्हणणाऱ्याला तिथे कोणी उभे करणार नाही. ज्या पाण्यावर हे केंद्र चालते ते मात्र अशा डोंगरांतून येते, जिथल्या बहुतेक लहान ओढ्यांना साधी मोजपट्टीही लागलेली नाही. आज किती पाणी वाहिले, त्यात माती किती होती, एरवी मार्चपर्यंत टिकणारा झरा जानेवारीतच का आटला, काठचे कोणते झाड पुन्हा रुजलेच नाही, हे शोधायला गेले तर बहुतेक ठिकाणी कोरे पान हाती येते. डोंगरी पाणलोटावर वर्षानुवर्षे नजर ठेवून त्याची नोंद करणाऱ्या संशोधकाचे काम वीजकेंद्रातल्या पाळीवरच्या माणसाच्या कामाइतकेच आवश्यक आहे, आणि ते तितक्याच सलगपणे, तितक्याच पगारी जबाबदारीने चालले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. त्याविरुद्ध जे बोलले जाते त्यातही तथ्य आहे, म्हणून त्याला उत्तर देणे भाग आहे.

आधी हिशेब पाहू. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांना पाण्याची मर्यादा घालून दिली. जुन्या संचांसाठी ती दर युनिट विजेमागे साडेतीन लिटर आहे. दीपनगरचा ५०० मेगावॅटचा एक संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालला तर १ कोटी २० लाख युनिट वीज होते. म्हणजे मर्यादेच्या आत राहूनही त्याला रोज ४ कोटी २० लाख लिटरपर्यंत पाणी लागू शकते. असे दोन संच आहेत, शिवाय २१० मेगावॅटचा एक जुना आणि ६६० मेगावॅटचा एक नवा. हे पाणी तापीचे, हतनूर धरणाने अडवलेले. हतनूरच्या भिंतीपाशी जमणारे पाणी २९ हजार चौरस किलोमीटरहून मोठ्या मुलखातून येते. मुलताईला उगम पावलेली तापी मेळघाटाच्या आणि बऱ्हाणपूरच्या डोंगरांतून उतरते, पूर्णा गाविलगडाकडून निघून वऱ्हाडची काळी माती धूत येते, आणि चांगदेवला दोघींची गाठ पडते. या एका धरणावर वीजकेंद्राबरोबर भुसावळची रेल्वे आहे, आयुध निर्माणी आहे, उजव्या कालव्याखालची यावल-चोपड्याची शेती आहे. धरणाचा मूळ उपयुक्त साठा २५५ दशलक्ष घनमीटर. गाळाने त्यातला मोठा वाटा गिळला आहे. पावसाळ्यात त्याचे ४१ दरवाजे उघडतात तेव्हा त्या तांबूस-काळ्या लोंढ्यातून जाते ती कुठल्या तरी उताराची माती असते. कुठल्या उताराची, हा प्रश्न धरणाच्या भिंतीपाशी बसून सुटत नाही. धरणात गाळ किती साचला ते खाली मोजता येते. तो का आला, कोणत्या वर्षीच्या कोणत्या पावसात आला, कोणत्या ओढ्याने जास्त आणला आणि कोणत्या ओढ्याने जवळजवळ आणलाच नाही, हे वर जाऊनच कळते. पाण्याअभावी वीजकेंद्र कसे बंद पडते हे २०१५ साली परळीने महाराष्ट्राला दाखवले आहे. दीपनगरवर तशी पाळी येईल असे भाकीत मी करत नाही. डोंगराची स्थिती ही वीजकेंद्राच्या यंत्रणेचाच एक भाग आहे, आणि त्या भागाला अजून मीटर बसलेला नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

पाणलोटाचे निरीक्षण म्हटले की डोळ्यांपुढे दुर्बीण आणि वाघाचा पंजा येतो. मुक्ताईनगरकडच्या वढोद्याच्या जंगलात वाघ आहे, त्याच्यासाठी कॅमेरे लागतात, आणि ते लागलेच पाहिजेत. पण रोजचे काम यापेक्षा पुष्कळ साधे आणि पुष्कळ चिवट असते. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातले पाणी मोजायचे. ओढ्यात रोवलेल्या पट्टीवरची पातळी लिहायची. बाटलीत पाणी घ्यायचे, ते गाळायचे, गाळणीवर राहिलेली माती वाळवून तिचे वजन करायचे. वर्षातला बहुतेक गाळ मोजक्या दोन-चार पुरांत, आणि त्या पुरांच्याही पहिल्या काही तासांत निघून जातो; म्हणजे ज्या रात्री पाड्यावरचा माणूसही घराबाहेर पडणार नाही, त्याच रात्रीची बाटली सर्वांत मोलाची असते. पाऊस ओसरला की ओढ्यातला एखादा दगड उलटा करून पाहावा. त्याच्या खालच्या बाजूला वाळूचे बारीक कण एकमेकांना चिकटवून केलेली, तांदळाच्या दाण्याएवढी नळी दिसली तर आत कॅडिसफ्लायची अळी आहे. शेजारी चपटी, तीन शेपट्यांची मेफ्लायची पिल्ले पाण्याच्या धारेला अंग देऊन चिकटलेली असतात. या जिवांना वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी आणि दगडांमधली मोकळी फट लागते. वर कुठे उतार उघडा पडला, माती सुटली आणि फटी गाळाने भरल्या, की ओढा वरून तसाच झुळझुळत असताना खाली ही वस्ती उठते आणि चिखलातल्या लाल अळ्या तिची जागा घेतात. डोंगरावर काय झाले ते धरणाला कळायला कित्येक वर्षे लागतात. त्या दगडाखाली ते एका मोसमात कळते. शर्त एकच, मागच्या वर्षी त्याच दगडांखाली कोण राहत होते हे कोणी तरी लिहून ठेवलेले असले पाहिजे.

खानदेशात डोंगर आणि सपाटी यांचे नाते जमिनीखालीही आहे, आणि इथला खरा पेच तिथेच आहे. सातपुडा आणि तापीचे खोरे यांच्यामध्ये भूगर्भातली मोठी भेग आहे. तिच्या उत्तरेला बेसॉल्टचा डोंगर उभा आहे, दक्षिणेला खोल खचलेल्या भागात नदीने आणलेली माती, वाळू, गोटे यांचा प्रचंड थर साठला आहे. डोंगराच्या पायथ्याशी, चोपडा-यावल-रावेरच्या उत्तर कडेने, दगडगोट्यांचा एक पट्टा लागतो. भूजलाचे अभ्यासक त्याला बझाडा म्हणतात. सुकी, मोर, गूळ यांसारख्या नद्या आणि त्यांच्यामधले असंख्य नाले डोंगरातून उतरताना या पट्ट्यात आपले पुष्कळसे पाणी जमिनीत सोडतात. खाली केळीच्या बागांमध्ये ज्या कूपनलिका चालतात त्यांचे पाणी इथे मुरते. मृगबाग असो की कांदेबाग, केळीला बारमाही पाणी लागते, आणि ऐन उन्हाळ्यात सगळ्यांत जास्त लागते. यावल आणि रावेर हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी कित्येक वर्षे सरकारी अहवालांत आहेत. विहिरी गेल्या, कूपनलिका आल्या, त्या खोल-खोल गेल्या. याची नोंद करणारी यंत्रणा महाराष्ट्राकडे आहे, आणि ती चांगली आहे, हे मोकळेपणाने सांगायला हवे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. टेपच्या टोकाला खडू फासून तो विहिरीत सोडायचा, खडू कुठवर भिजला ते पाहायचे, वजाबाकी करायची. इतके साधे काम. पण शेजारच्या मळ्यातला पंप तेव्हा चालू होता का, मागच्या आठवड्यात कालव्याचे आवर्तन आले होते का, हे बाजूला लिहिले नसेल तर तो आकडा फसवतो. पाणी जिथे मुरते त्या डोंगराचे आणि ते जिथे उपसले जाते त्या विहिरीचे मोजमाप एकाच वहीत, एकाच तारखांना झाले, तरच घसरणीचा दोष पावसाला द्यायचा, जंगलतोडीला द्यायचा की उपशाला, हे ठरवता येईल. आज आपण आपापल्या सोयीने दोष वाटतो. सपाटीवरचा शेतकरी डोंगरावर उतार कसणाऱ्याकडे बोट दाखवतो, आणि डोंगरावरचा माणूस रात्रंदिवस चालणाऱ्या पंपांकडे. दोघांकडेही मोजलेला पुरावा नाही.

पहिला आक्षेप अगदी व्यवहारी आहे. काय करायचे ते आपल्याला माहीत आहे, झाडे लावा, बांध घाला, नाले अडवा; मोजत बसण्यात पैसा घालवण्यापेक्षा तो कामात घाला. मला हा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो तळमळीतून येतो. पण खानदेशातच त्याचे उत्तर आहे. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी आमदार अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळाने नाले खोल आणि रुंद केले, त्यांवर बंधाऱ्यांची साखळी उभारली. वरचा पिवळ्या मातीचा थर पाणी मुरू देत नाही, तो कापून खालच्या सच्छिद्र थरापर्यंत पाणी पोहोचवायचे, हा त्यामागचा विचार. तिथल्या विहिरींना पाणी आले, लोकांनी ते डोळ्यांनी पाहिले, आणि हा नमुना राज्यभर गाजला. दुसऱ्या बाजूने अनेक भूजलतज्ज्ञांनी सांगितले की भूस्तर जागोजागी वेगळा असतो. कुठे खोल खणल्याने पाणी मुरेल, कुठे उघडे पडून उडून जाईल, कुठे वरच्याचे पाणी खालच्याकडे ओढले जाईल. दोन्ही बाजूंना जाणती माणसे आहेत, आणि वाद अजून मिटलेला नाही. तो भाषणांनी मिटणारही नाही. त्यासाठी जवळजवळचे, सारख्या खडकाचे, सारख्या पावसाचे दोन ओढे घ्यावे लागतात; काम सुरू होण्यापूर्वी दोन्ही काही वर्षे मोजावे लागतात; मग एकावर काम करायचे, दुसरा तसाच ठेवायचा, आणि दोन्ही मोजत राहायचे. हा दुसरा, हात न लावलेला ओढा कोणालाच नको असतो. त्यावर उद्घाटनाची पाटी लागत नाही.

असा ओढा नसला की काय होते, ते राज्याच्या जलयुक्त शिवार अभियानात दिसले. या अभियानावर ९,६३४ कोटी रुपये खर्च झाले. सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळात मांडल्या गेलेल्या अहवालात महालेखापरीक्षकांनी म्हटले की पाण्याच्या बाबतीत गावे स्वयंपूर्ण करणे आणि भूजलपातळी वाढवणे या उद्दिष्टांवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. त्यावर राजकारण झाले ते झाले. माझ्या दृष्टीने त्यातली खरी अडचण अशी की इतक्या मोठ्या खर्चानंतरही ज्यांना यश दिसले आणि ज्यांना अपयश दिसले, त्या दोघांनाही एकमेकांचे समाधान करता आले नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यांत खानदेशातलेही तालुके होते. लगेच २०१९ ला महाराष्ट्रात भरपूर पाऊस झाला. २०१८ च्या उन्हाळ्यात खणलेल्या नाल्याशेजारची विहीर २०१९ च्या दिवाळीत काठोकाठ दिसली, तर श्रेय खोदकामाचे की पावसाचे? शेजारचा न खणलेला ओढा मोजलेला असता तर एका संध्याकाळच्या आकडेमोडीत उत्तर मिळाले असते. आता ते कधीच मिळणार नाही, कारण गेलेला पाऊस पुन्हा मोजता येत नाही. हजारो कोटींच्या कामाचा अगदी लहानसा वाटा अशा नोंदीसाठी काढून ठेवणे ही उधळपट्टी नाही. तो वाटा न काढणे हीच खरी उधळपट्टी आहे, आणि ती लोकांच्या पैशांची असल्यामुळे तिची चीड यायला हवी.

शेजार-शेजारच्या ओढ्यांची ही पद्धत काही नवी नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या डोंगरांत हबर्ड ब्रूक नावाचे जंगल आहे. तिथे लहान लहान पाणलोटांच्या तोंडाशी बांध घालून १९५० च्या दशकापासून पाणी मोजले जात आहे, आणि १९६३ पासून जीन लायकन्स, हर्बर्ट बोरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पावसाचे आणि ओढ्याचे रासायनिक मापनही सुरू केले. एका पाणलोटातली सगळी झाडे पाडून त्यांनी शेजारच्या अखंड पाणलोटाशी ताडून पाहिले. झाडे गेल्यावर जमिनीतले नत्र ओढ्यातून कसे वाहून जाते ते त्यातून जगाला कळले. पण दीपनगरच्या वाचकाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट वेगळीच आहे. त्या दुर्गम डोंगरात पडणारा पाऊस अपेक्षेपेक्षा कितीतरी पट आम्ल निघाला, आणि त्या आम्लाचा माग काढत गेले तर तो दूरच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांच्या चिमण्यांपर्यंत पोहोचला. अमेरिकेने १९९० मध्ये हवेच्या कायद्यात सुधारणा करून गंधकाच्या धुरावर मर्यादा आणल्या, त्यामागे या वह्यांचा मोठा आधार होता. मर्यादा आणल्यावर पाऊस सुधारला, हेही त्याच वह्यांनी सांगितले. आपल्याकडे डिसेंबर २०१५ च्या त्याच अधिसूचनेने सल्फर डायऑक्साइडवरही मर्यादा घातली होती, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य वीजकेंद्रांना तो वायू धुऊन काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी, राख जास्त, यंत्रणा महागडी. सूट देणाऱ्यांचा युक्तिवाद बिनबुडाचा नाही. पण त्याची परीक्षा चिमणीच्या तोंडाशी जितकी व्हायला हवी तितकीच वाऱ्याच्या वाटेवरच्या डोंगरात व्हायला हवी. धूर कुठवर गेला आणि कशावर उतरला, हे पावसाच्या आणि ओढ्याच्या पाण्याची दहा-वीस वर्षांची सलग नोंद सांगू शकते. तशी नोंद असती तर कदाचित वीजकेंद्राचीच बाजू खरी ठरली असती. मोजमापाला घाबरण्याचे कारण निर्दोष माणसाला नसते.

दुसरा आक्षेप: आता उपग्रह आले, आपोआप नोंद करणारी यंत्रे आली; माणूस कशाला डोंगरात पाठवायचा? उपग्रहांनी या कामात किती भर घातली आहे ते नाकारणे खुळेपणाचे होईल. पण उपग्रहाला वरून हिरवे दिसते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टर जागेवर दहा टक्क्यांहून जास्त झाडांचे छत्र असले की ते वनाच्छादन; जमीन कोणाची, झाड कोणते, हे त्यात विचारले जात नाही. सागाची लागवड, आंब्याची बाग आणि सातपुड्यातले मिश्र जंगल त्या नकाशावर एकाच रंगात येऊ शकते. छत्राखाली घाणेरी माजली आहे का, अंजनाची, धावड्याची रोपे रुजताहेत की चरून जाताहेत, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा पेटवला तेव्हा आग किती उतारावर गेली आणि पहिल्या पावसात तिथली माती किती सुटली, हे त्या छत्राखाली वाकूनच पाहावे लागते. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातला बारीक फरक मोजून भूजलाचा अंदाज देणारे ग्रेस उपग्रह थक्क करणारे आहेत, पण त्यांची नजर शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यांवर ठरते; यावलचा बझाडा त्यांना वेगळा दिसत नाही. स्वयंचलित पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात सागाचे एक पान अडकले किंवा गांधीलमाशीने घर केले की तो ऐन आषाढात कोरडा दिवस नोंदवतो. ते पान काढायला, आणि पान काढले असे तारखेसह लिहायला, माणूस लागतो.

मग तो माणूस तिथलाच आहे की, असे म्हणणारे आहेत. पावरा, तडवी, बारेला, भिल्ल समाजांतली जुनी माणसे ओढ्याचा आवाज ऐकून वर किती पाऊस झाला ते सांगतात. त्यांना शिकवायला शहरातला संशोधक कशाला? यातले पहिले वाक्य मला पूर्ण मान्य आहे. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने आपले सुमारे ४४५ हेक्टर जंगल स्वतःच्या नियमांनी राखले, तोडणाऱ्याला दंड लावला, राखणदार नेमले. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे पावसाळ्यात रानभाज्यांची स्पर्धा होते. बायका आपापल्या माहितीतल्या भाज्या रांधून आणतात, नावे सांगतात, कुठे मिळाली ते सांगतात. माझ्या मते महाराष्ट्रातल्या उत्तम जैवविविधता गणनांपैकी ती एक आहे. पण स्थानिक ज्ञान आणि नोंद यांत भांडण लावण्याचे कारण नाही. आठवणीतला ओढा हळूहळू बदलतो आणि बदलणाऱ्यालाही ते कळत नाही. नातवाला जो कोरडा नाला नेहमीचा वाटतो, तो आजोबांच्या तरुणपणी चैत्रातही वाहत होता. आजोबांचे ते सांगणे पुढच्या पिढीला पुरावा म्हणून वापरता यावे, यासाठीच तारीख, जागा आणि माप लागते. आणि हे काम करायला पाड्यावरच्या तरुणाइतका योग्य माणूस नाही. आज तो बहुतेक ठिकाणी फिल्ड असिस्टंट म्हणून रोजंदारीवर असतो, प्रकल्प संपला की घरी बसतो, आणि शोधनिबंधावर त्याचे नाव नसते. हा अन्याय आहे, शिवाय विज्ञानाचे नुकसानही आहे, कारण सलग वीस वर्षे त्याच ओढ्यावर जाऊ शकणारा तो एकटाच असतो.

याहून टोकदार आक्षेप आदिवासी कार्यकर्ते घेतात, आणि तो मनावर घ्यायला हवा. डोंगरात मोजणारा माणूस आला की मागोमाग हाकलणारा येतो. यावल अभयारण्यातली अतिक्रमणे, वनहक्कांचे दावे, १३ डिसेंबर २००५ ही कायद्यातली कट-ऑफ तारीख, उपग्रहाच्या चित्रावरून फेटाळलेले दावे, हे सगळे ताजे आहे. नोंदवही वनखात्याच्या कपाटात राहिली तर ती एकाच्या हातातले हत्यार होईल, ही भीती खोटी नाही. म्हणून वही कोणाकडे, हा प्रश्न काय मोजायचे यापेक्षा कमी महत्त्वाचा नाही. वनहक्क कायद्याचे कलम ५ ग्रामसभेला पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार देते. त्या अधिकाराला नोंदीची जोड मिळाली तर ग्रामसभा सांगू शकेल की आमच्या राखणीत या ओढ्याचा गाळ घटला, त्या ठेकेदाराच्या रस्त्याने तो वाढला. मोजलेला आकडा दुबळ्याच्या हातात असला तर सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

नोंदी फायलींत धूळ खात पडतात, त्यावर निर्णय कोणी घेत नाही, हा आक्षेप ऐकला की मला रानपिंगळा आठवतो. एकोणिसाव्या शतकात सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात हा लहानसा दिवाचर पिंगळा मिळवला आणि त्याच्या पायाला जागेची, तारखेची चिठ्ठी बांधली. १८८४ नंतर तो खात्रीने कोणाला दिसला नाही. पुढे रिचर्ड माइनर्टझॅगन या नामांकित पक्षिसंग्राहकाने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला आपण तो मिळवल्याचे सांगितले. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले ते नग तपासले, तेव्हा माइनर्टझॅगनचा पिंगळा डेव्हिडसनचाच चोरलेला, शिवण उसवून पुन्हा भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. मांडवीची खोटी नोंद वजा करून त्या अस्सल चिठ्ठ्यांच्या मागे गेल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, ११३ वर्षांनी, रानपिंगळा पुन्हा सापडला. पुढे यावल अभयारण्यातही तो आढळला. डेव्हिडसन यांची चिठ्ठी शंभर वर्षे खणात पडून होती आणि तरी ती कामाला आली. कोणती नोंद कधी उपयोगी पडेल हे लिहिणाऱ्याला माहीत नसते, म्हणूनच ती प्रामाणिक असावी लागते. घाईने भरलेले कागद याच कारणाने मला निरुपयोगापेक्षाही वाईट वाटतात. जैवविविधता कायद्याखाली गावोगावी लोक जैवविविधता नोंदवह्या करायच्या होत्या. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०२० ची मुदत आणि दंडाचा बडगा दाखवल्यावर देशभर त्या धडाधड पूर्ण झाल्या. ज्या नोंदवह्या एकमेकींची नक्कल करून भरल्या गेल्या असतील त्या पुढच्या अभ्यासकाला मांडवीच्या चिठ्ठीसारख्याच भलतीकडे नेतील.

राहिला पैशाचा प्रश्न. कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के वाटा सामाजिक कामावर खर्च करायला सांगितला आहे, आणि वीजकेंद्र, रेल्वे, कारखाने, कालव्याचे लाभधारक हे सगळे हतनूरच्या पाण्याची पट्टी भरतात. या पट्टीतला एक ठरीव भाग वरच्या डोंगराच्या नोंदीसाठी राखून ठेवणे शासनाला जड नाही. सुरुवातीला तीन लहान ओढे पुरेत: एक राखलेल्या जंगलातला, एक अलीकडे नांगराखाली आलेल्या उतारावरचा, एक नालाकामे झालेला, आणि त्यांच्याखाली बझाड्यात प्रत्येकी काही विहिरी. मोजणारी माणसे पाड्यांवरची, कायम पगारावर. आकडे तपासायला जळगावचे विद्यापीठ आणि भूजल यंत्रणा. मूळ वही ग्रामसभेकडे, प्रत सर्वांना खुली. हे काम मागायला जाणाऱ्याने पैसे देणाऱ्याला पहिल्याच बैठकीत सांगून टाकावे की पहिली चार-पाच वर्षे यातून एकही निष्कर्ष काढायचा नाही, एक कोरडे आणि एक ओले वर्ष वहीत आल्याशिवाय कोणाला श्रेय किंवा दोष द्यायचा नाही, आणि करार दहा वर्षांपेक्षा कमी मुदतीचा असेल तर तो करूच नये.